हळदीच्या काहिलीत बाबुना

अठरा फेब्रुवारी १९७५. उटण्याच्या चाळण्या घासून उन्हात लावायचं काम हातात होतं. ते पुरं केलं, मंडळाच्या किल्ल्या यमुनाबाईंच्या हवाली केल्या आणि नाशिकहून पुण्याची एस.टी. पकडली. पिशवीत दोन लुगडी, पाण्याचा तांब्या आणि मलमलचं एक मोठं फडकं होतं. फडकं कशाला, ते पुढे येईलच.

आमचं महिला मंडळ उटणं, शिकेकाई आणि बाळगुटीचं सामान तयार करून विकतं. गेल्या वर्षापासून गिऱ्हाइकं बाबुना मागू लागली होती. बाबुना म्हणजे शेवंतीच्याच कुळातलं बारीक फूल. मधला गोंडा पिवळा, भोवती पांढऱ्या पाकळ्या. हकीम लोक ते तेलात कढवून दुखऱ्या सांध्यांना चोळायला देतात. पोटात कळ आली किंवा झोप लागेना, की फुलांवर गरम पाणी ओतून ते पितात. मला झोपेचा त्रास कधीच नाही, त्यामुळे त्यात तथ्य किती हे मी सांगू शकत नाही. पण बाजारात येणारा माल उत्तरेकडचा, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचा भुसा झालेला असतो, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

त्यात कमलचा निरोप आला. कमल दोन वर्षं आमच्या मंडळात होती. नवरा लष्करात, तेव्हा देवळालीच्या छावणीत. पुढे त्याची बदली काश्मीरकडे झाली आणि कमल सासरी, रहिमतपूरजवळच्या खेड्यात गेली. नवऱ्याने रजेवर येताना तिकडून बाबुन्याचं बी आणलं. दिवाळीनंतर तिने ते पेरलं आणि आता कळवलं होतं, "फुलं आलीत. येऊन बघा." मला सांगलीहून हळद आणायचीच होती. म्हटलं, दोन्ही कामं एका फेरीत होतील.

पुण्याहून साताऱ्याच्या गाडीत शेजारी वाईच्या एक बाई होत्या. मांडीवर नातू. त्याला दात येत होते आणि तो कात्रजच्या घाटापासून रडत होता. शिरवळला गाडी चहाला थांबली तेव्हा बाईंनी इवल्याशा बाटलीतून साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या काढून त्याच्या जिभेवर ठेवल्या.

"होमिओपॅथीच्या. कॅमोमिला म्हणतात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे बाबुनाच. फुलांपासून करतात."

"छे हो! ह्या साखरेच्या गोळ्या. फूल कुठलं आलंय ह्यात?" त्यांनी बाटली पदराआड केली, जणू मी ती मागणारच होते.

नातू गप्प झाला. गोळ्यांमुळे, की गाडी सुटताच वारा लागला म्हणून, ते त्यालाच ठाऊक.

साताऱ्यात एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. त्यांनी कंदी पेढे बांधून दिले. सकाळी अजिंक्यताऱ्यावर ऊन चढायच्या आत रहिमतपूरच्या गाडीत बसले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा धूर, आणि जिथे ऊस नाही तिथे हळद काढलेली उघडी रानं. धुरात कच्च्या हळदीचा उग्र वास मिसळलेला होता. तो मला आवडला. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा माहीत नव्हतं.

कमल रहिमतपूरच्या स्टँडवर उभी होती. तिने माझी पिशवी घेतली. गाव तिथून तासाभराची वाट. बैलगाडी मागे ठेवून ती माझ्याबरोबर पायी निघाली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं की काहीतरी आहे.

"बाई, घरी जायच्या आधी सांगते. मंग काय बोलायचं ते तुमी ठरवा."

"सांग."

"भावाच्या लग्नाला म्हायेरी गेलते. जाताना फुलं सावलीत पसरली हुती. परत येऊन बघते तर आत्याबाईंनी (सासूबाईंनी) समदी शिजवल्याली."

"शिजवली?"

"हळदीच्या काहिलीत."

काहील म्हणजे हळद उकडायची मोठी पसरट कढई. ह्या भागात हळद जमिनीतून काढली की काहिलीत शिजवतात, मग उन्हात वाळवतात. न शिजवता वाळवली तर ती टिकत नाही, रंगही धरत नाही. हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं. सून लग्नाच्या गडबडीत शिजवायचं विसरली, असं सासूला वाटलं आणि तिने सुनेचं काम पुरं करून टाकलं.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? हळद शिजली का न्हाई ते बघाय सगळं गाव आत्याबाईस्नी बोलावतंय. त्यांनी शिजवल्यालं वाया गेलं, असं सुनेनं म्हणायचं व्हय?"

"म्हणजे मी म्हणायचं."

"तुमी पावन्या. तुमच्यावर कोण रागवंल?"

मी म्हटलं, बरी सोय केलीस. ती हसली, पण लगेच थांबली. खरी गोष्ट पुढेच होती. विहिरीजवळचा चार-पाच गुंठ्यांचा तुकडा सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तिला ह्या एका हंगामापुरता दिला होता. फुलं खपली तर तुकडा कमलकडे राहणार. नाहीतर त्यात ऊस.

"बेणं (लागणीच्या उसाच्या कांड्या) बी आणून टाकलंय बांधावर."

"उसात तुझं काय बिघडतं?"

कमलने थोडा विचार केला. "उसाला पाणी गडी धरत्यात. तोडायला टोळी येती. कारखान्याचं समदं आबा बघत्यात. मी भाकरी घिऊन जाते आन् रिकामी टोपली घिऊन येते. ह्या तुकड्यात कवा तोडायचं ते मी ठरवते, बाई."

एवढंच बोलली. मला पुरेसं होतं.

घर शेतातच होतं. पुढे सोपा, वर माळा, बाजूला गोठा. आबा सोप्यात बिडी ओढत बसले होते. उंच, वाळके, बोलणं मोजकं. सासूबाई हौसाबाई मात्र ठेंगण्या, भरल्या अंगाच्या, कोपरापर्यंत हात पिवळे. माझं पाणी पिऊन होतं न होतं तोच त्यांनी पोतं आणून माझ्यापुढे सोडलं.

"बघा बाई, कसा रंग धरलाय! तुमच्या नाशकात असा माल मिळायचा न्हाई."

खोटं नव्हतं. असा बाबुना नाशकात काय, कुठेच मिळाला नसता. पांढरी पाकळी एक उरली नव्हती. सगळं पिवळंधमक, कोरडं, आणि वास निव्वळ हळदीचा. मी मूठभर घेऊन चुरगळलं, पुन्हा हुंगलं. उगाच वेळ काढण्यात अर्थ नव्हता.

"हौसाबाई, तुम्ही मेहनत पुष्कळ घेतलीत. पण औषधाला ही फुलं चालणार नाहीत. ह्यांचा गुण वासात असतो. तो शिजवताना उडून गेला."

कमल चुलीपाशी जाऊन उगाच लाकूड सारू लागली. आबांनी बिडी विझवली.

"मंग झालं तर," ते म्हणाले. "ऊस."

"थांबा. शेतात कळ्या आहेत ना? नव्याने उमलतील ती तोडून नीट वाळवू. मी घेते."

"तुमी घेशीलाच. तुमी तिच्या वळखीच्या. सांगलीची पेठ काय म्हणती ते खरं."

"मग सांगलीला घेऊन जाऊ. मला तिथे जायचंच आहे. तुम्हीही चला."

आबांना हळदीचा नमुना दाखवायला जायचंच होतं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

जेवायला ज्वारीची भाकरी, घेवड्याची उसळ आणि लसणीची चटणी. घेवडा ह्या बाजूचा नामांकित आहे, आणि तो का नामांकित आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी तीनदा वाढून घेतला. हौसाबाई वाढत होत्या. भांडी आवरल्यावर त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मला येक सांगा. शिजवलं तर वास जातो म्हणता. मंग लोक ह्येचा काढा पित्यात तो काय गार पाण्यात करत्यात?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "उकळत नाहीत. गरम पाणी ओततात आणि वर झाकण ठेवतात. वाफ आतच राहिली पाहिजे."

"आन् माझ्या काहिलीवर झाकण नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "हळदीला लागत न्हाई." त्या बोलण्यात माफी नव्हती, तक्रारही नव्हती. एक कारागीर दुसऱ्या धंद्याची रीत समजून घेतो तसं ते होतं. मग त्या कमलकडे वळल्या. "आन् तुला ठावं हुतं ना गं? मुकी झालीयास व्हय?"

"तुमी कवा कुणाचं ऐकता, आत्याबाई?"

"ते बी खरंच," हौसाबाई म्हणाल्या, आणि मी पोहोचल्यापासून पहिल्यांदा त्या घरात कोणीतरी मोकळं हसलं.

सकाळी मी विहिरीवर गेले तर हौसाबाई आमच्या आधी बांधावर बसलेल्या. शेजारीच पाचटाखाली झाकलेला बेण्याचा ढीग होता.

"दव सुकल्यावर तोडायचं म्हणता ना? मंग बसा. घाई करू नगा."

तो तुकडा पाहून मला बरं वाटलं. गुडघ्याएवढी झाडं, पानं बडीशेपेसारखी बारीक, आणि वर पांढरी फुलं दाट उमललेली. चारी बाजूंनी उसाची हिरवी भिंत. बोटं फणीसारखी पसरून देठाखालून वर ओढली की फूल तेवढं हातात येतं. कमल झपाझप तोडत होती. हौसाबाईंना आधी जमेना, मग असं जमलं की त्या कमलच्या पुढे गेल्या. मदतीला आलेली शेजारची तानूबाई मात्र शिंकून बेजार झाली.

"शेवंतीची वेणी घातल्यावर असंच होतं का?" मी विचारलं.

"व्हय की! डोळं बी खाजत्यात."

"मग तू बाजूला हो. आणि ह्याचा काढाबिढा कोणी दिला तरी पिऊ नकोस."

"फुकाट मिळाला तरी?"

"फुकट मिळाला तर मुळीच नको."

फुलं माळ्यावर माझ्या मलमलीवर आणि जुन्या धोतरांवर पसरली. वर पत्रा असल्याने माळा तापायचा, पण ऊन लागत नव्हतं. ह्यानंतर त्या माळ्याचा ताबा हौसाबाईंनी घेतला. लसणीच्या वेण्या खाली गेल्या, कांदे गोठ्यात गेले. हळद लागलेल्या हाताने फुलांना शिवायचं नाही, म्हणून त्या चुलीच्या राखेने हात घासून वर चढायच्या. आबांनी सवयीने सोप्यात बिडी शिलगावली तेव्हा माळ्यावरून आवाज आला, "भाईर वडा! धूर वर येतुया!"

आबा अंगणात गेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा मला घराभाईर काढलंय, ते बी फुलांपायी."

फुलं अगदी खडखडीत वाळेपर्यंत थांबायला मला सवड नव्हती. तीन-चार दिवसांत बरीचशी सुकल्यावर त्यातली ओंजळभर कागदात बांधली, पिवळ्यातलीही चिमूट वेगळी घेतली, आणि आबांबरोबर सांगलीला निघाले. गाडी कराडला बदलावी लागते. पूल ओलांडताना कृष्णा दिसली. पुढे कोयना समोरून येऊन तिला मिळते. दोन नद्या अशा एकमेकींच्या अंगावर धावून येताना मी दुसरीकडे पाहिलेल्या नाहीत. कराडच्या स्टँडवर माझ्या वहाणेचा अंगठा तुटला. चांभार जेवायला गेलेला. सांगलीपर्यंत ती सुतळीने बांधून चालवली.

त्याच गाडीत एका गृहस्थाने आपली गुळाची ढेप बिनदिक्कत माझ्या पिशवीवर ठेवली. मी ओरडेपर्यंत पुडी चेपली गेली होती. पण फुलं चुरगळली तसा वास सुटला, गोड, ताज्या फळासारखा.

"कुणी सफरचंदं आणल्यात का हो?" मागून एक जण म्हणाला. पायात लष्करी बूट, बहुधा रजेवरचा.

आबांनी मागे वळून पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे. "ह्योच वास व्हय त्यो?"

"हाच."

"पोरगं रजंवर आलं तवा असली फळं आणली हुती," ते म्हणाले. मग पुडी मागून घेतली आणि सांगली येईपर्यंत आपल्या मांडीवर ठेवली.

सांगलीच्या पेठेत सगळं पिवळं. पोती पिवळी, हमालांची डोकी पिवळी, दुकानाच्या पायऱ्या पिवळ्या. मी आधी वहाण शिवून घेतली, मग हळद खरेदी केली. आबांनी अडत्याकडे आपला नमुना दाखवला. तेव्हा इथली रीत पाहिली. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव करतात. तोंडाने कोणी आकडा काढत नाही. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. भाव न पटल्यास हात झटकायचा, पटल्यास दाबायचा.

तिथून काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारे, नाकावर चष्मा, मागे भिंतभर लाकडी खण. मी पिवळी चिमूट मुद्दाम आधी पुढे केली.

त्यांनी हुंगली. "हे कोणी शिजवलं?"

"माझ्या बायकूनं," आबा म्हणाले.

"हळद चांगली शिजवत असतील."

"लय चांगली," आबा ताठ बसत म्हणाले.

मग दुसरी पुडी. दुकानदारांनी एक फूल तळहातावर चोळलं, चष्मा वर सरकवला, पुन्हा हुंगलं. आबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होते. मी कमलचा विचार करत होते आणि गप्प बसायचं ठरवलं होतं, जे मला सहसा जमत नाही.

"कुठला माल?"

"माझ्या सुनंचा," आबा म्हणाले. गावाचं नाव त्यांनी नंतर सांगितलं.

"वास आहे. देठ फार आहेत. मिरजेचे हकीम तेलासाठी नेतात, तालमीतले पैलवान सांध्यांना लावतात. हल्ली डॉक्टरांच्या घरच्या बायका केस धुवायलाही विचारतात. देठ काढून आणाल का?"

आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आपल्या हातावर टाकून हात पुढे केला.

दुकानदार हसले. "अहो आबा, हे काष्ठौषधींचं दुकान आहे. इथे भाव बोलून होतो."

"माल मालच असतोय," आबा म्हणाले. हात तसाच पुढे.

दुकानदारांनी चष्मा काढून ठेवला आणि टॉवेलखाली हात घातला. बराच वेळ टॉवेल हलत होता. एकदा आबांनी हात झटकला. दुकानदारांनी मान हलवून पुन्हा घातला. शेवटी दोघेही थांबले. आबांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि उठले. चेहऱ्यावरून काही समजायची सोय नव्हती.

"काय ठरलं?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"भडंग घिऊया. घरी आवडतंय," आबा म्हणाले.

परतीच्या गाडीत ते बहुतेक वेळ झोपले. मला झोप आली नाही, हे माझ्या बाबतीत नवल.

दिवस मावळताना शेतावर पोहोचलो. कमल अंगणात उभी होती. तिने सासऱ्यांना काही विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"टॉवेलखाली ठरलं," मी म्हटलं. "मला काय दिसणार?"

आबांनी पाय धुतले, पाणी प्यायले, भडंगाची पुडी हौसाबाईंच्या हातात दिली. मग गोठ्याकडे तोंड करून गड्याला हाक मारली.

"गणपा, उद्या सकाळी ते बेणं उचल रं. खालच्या वावरात टाक."

"इहिरीपाशी लागण न्हाई व्हय करायची?"

"न्हाई. तिथं सुनंची फुलं हायती."

कमल वळून घरात गेली. काहीतरी आणायला गेली असावी, कारण ती बराच वेळ बाहेर आली नाही. हौसाबाई भडंग निवडून शेंगदाणे खात होत्या. "देठ लय ऱ्हायलं असतील," त्या मला म्हणाल्या. "मी सांगत हुते तिला."

दुसऱ्या दिवशी निघाले तेव्हा पूर्ण सुकलेल्या फुलांची गाठोडी माझ्या पिशवीत होती, देठ काढलेली. कमल मला रहिमतपूरच्या स्टँडपर्यंत पोहोचवायला निघाली. शिवाय हौसाबाईंनी ते पिवळं पोतंही बैलगाडीत चढवलं होतं.

"फेकून द्यायचं न्हाई. तुमी उटणं करता न्हवं? त्यात हळद असतीच. घाला."

मी म्हटलं, गुण काही नाही राहिला. त्या म्हणाल्या, "रंग हाय."

नाशिकला पोहोचेपर्यंत मी त्यावर विचार केला. मंडळात येणाऱ्या मालाकडे मी आजवर फक्त गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहत आले. कुठल्या पोत्यामागे कोणाचा चार गुंठ्यांचा तुकडा टिकून आहे, ते मला पुडीवरून दिसत नाही, आणि प्रत्येक वेळी जाऊन पाहणंही शक्य नाही. ह्या वेळी दिसलं. प्रवास चांगला झाला, वहाण सोडली तर नुकसान काही नाही.

सकाळी लवकर मंडळात गेले. चांगली फुलं बरण्यांत भरून झाकणं घट्ट लावली आणि हळदीचा डबा त्या फळीवरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवला. मग हौसाबाईंच्या पोत्यातली मूठभर फुलं कुटली, चाळली, उटण्यात मिसळली आणि दुधात कालवून आधी माझ्याच हाताला लावली. तानूबाईची शिंक मी विसरले नव्हते. यमुनाबाई येईपर्यंत हात तसाच ठेवून बसले. खाज सुटली नाही. हात धुतला, बायकांना चाळण्या काढायला सांगितल्या आणि पोतं सोडलं.